मालिश आणि रियाजत : जखमी शरीराच्या उभारणीचा इतिहास

मराठीत शरीर कमावण्यासंबंधीचे जे शब्द आहेत ते तपासले तर एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. तालीम हा शब्द अरबी, पैलवान फारसी, वस्ताद म्हणजे फारसी उस्तादचाच मराठी अवतार. कुस्ती आणि मालिश हे शब्द फारसीतून आले, तर कसरत अरबीतून. गावोगावच्या तालमींत सगळ्या जातिधर्मांच्या पोरांनी एकच लाल माती अंगाला लावली. त्यामुळे हे शब्द कोणाला परके वाटले नाहीत. पण शब्द आले तसा त्यांच्यामागचा विचारही पुरता आला का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

दुखावलेल्या अंगाला मालिश हवी, एवढे आपल्या लक्षात राहिले. त्या अंगाला पुढे बेताबेताने कामाला लावावे लागते, हा विचाराचा दुसरा भाग मात्र मागे पडला. गुडघा मुरगळला की तेल चोळून घ्यायचे, घट्ट पट्टी बांधायची आणि महिनाभर पडून राहायचे, हाच बहुतेक घरांतला इलाज. दुखणे थांबते खरे, पण तोवर मांडी बारीक झालेली असते, सांधा आखडलेला असतो. पोरगा पुन्हा हौद्यात उतरतो, तोच गुडघा पुन्हा दगा देतो आणि मग लोक म्हणतात, नशिबात नव्हते. नशिबाला दोष देण्यापूर्वी या विषयाचा इतिहास एकदा पाहायला हवा.

युनानी हकीम ज्यांना जालिनूस म्हणतात ते गेलन इसवी सन १५७ मध्ये पर्गामन या शहरी ग्लॅडिएटरांचे वैद्य म्हणून नेमले गेले. हे शहर आजच्या तुर्कस्तानात आहे. आखाड्यात झुंजणाऱ्यांच्या जखमा पाहतच त्यांचे स्नायूंविषयीचे ज्ञान वाढले. त्यांच्यानंतर सुमारे साडेआठशे वर्षांनी इब्न सीना (९८०–१०३७) यांनी 'अल-कानून फित्तिब्ब' लिहिला. बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे जेरार्ड ऑफ क्रेमोना यांनी त्याचे लॅटिन भाषांतर केले आणि पुढे काही शतके युरोपातील विद्यापीठांत तो पाठ्यग्रंथ होता. ही माहिती आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या ग्रंथात आरोग्यरक्षणाच्या भागात व्यायामाची सविस्तर चर्चा आहे, हे फारसे सांगितले जात नाही.

इब्न सीना व्यायामाला रियाजत म्हणतात. गाण्यातला रियाज याच मुळातला. त्यांनी व्यायामाचे जोरकस, सौम्य, वेगवान असे प्रकार पाडले. कोणत्या माणसाला कोणता झेपेल, तो केव्हा थांबवावा, याचा विचार केला. मालिशीचेही, म्हणजे दल्कचेही, त्यांनी प्रकार सांगितले. व्यायामापूर्वीची मालिश अंग तयार करण्यासाठी आणि व्यायामानंतरची शीण घालवण्यासाठी. म्हणजे मालिश ही रियाजतीच्या आगेमागे चालणारी सोबतीण होती, तिची जागा घेणारी नव्हती. युनानी पद्धतीतील 'इलाज बित्तदबीर' या शाखेत आजही दल्क आणि रियाजत शेजारी शेजारी नांदतात. हकीमसाहेबांच्या ग्रंथात जे एकत्र होते ते आपल्या घरात मात्र वेगळे झाले.

युरोपातही हा प्रश्न सहजासहजी सुटला नाही. स्वीडनचे पेर हेन्रिक लिंग हे तलवारबाजीचे शिक्षक. त्यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था काढली आणि आजारी, अधू माणसांसाठी ठरावीक हालचालींची पद्धत बसवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र अस्थिरोगांच्या क्षेत्रात दोन मते समोरासमोर उभी राहिली. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे हाडे बसवणाऱ्यांच्या घराण्यातले. दुखावलेल्या अवयवाला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी बनवलेला पायाचा आधार, थॉमस स्प्लिंट, पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे प्राण वाचवून गेला. उलट फ्रान्सचे शल्यचिकित्सक लुका-शांपिओनिएर सांगत होते की, मोडलेल्या हाडाजवळचे सांधे आणि स्नायू लवकरात लवकर, जपून का होईना, हलवले पाहिजेत. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. मोडलेले हाड जुळेपर्यंत त्याला आधार लागतो, पण न हललेला स्नायू दिवसागणिक झिजतो. केव्हा थांबायचे आणि केव्हा हलायचे, हे ओळखणे म्हणजेच फिजिओथेरपीची सारी विद्या.

या विद्येला व्यवसायाचे रूप दिले ते स्त्रियांनी, हेही नोंदवले पाहिजे. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. त्या काळी मालिशीच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांमुळे हे काम बदनाम झाले होते. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या स्त्रियांची अब्रू जपावी आणि शिक्षण-परीक्षेची शिस्त लावावी, हा त्यांचा हेतू. आज ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्टांची जी सनदी संस्था आहे, तिचे मूळ या चौघींच्या धडपडीत आहे.

परंतु जखमी माणसाकडे पाहण्याची दृष्टी खऱ्या अर्थाने बदलली ती दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म हे स्वतः वजने उचलणारे. शस्त्रक्रियेनंतर गुडघे अधू झालेल्या सैनिकांना हलक्या हालचालींवर महिनोन्‌महिने ठेवण्याऐवजी त्यांनी मोजून वाढवत नेलेली वजने उचलायला लावली आणि १९४५ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. आज कोणत्याही व्यायामशाळेत दहा-दहाच्या तीन फेऱ्या मारणारा तरुण नकळत त्यांचाच धडा गिरवत असतो.

त्याहून मोठे काम लुडविग गुटमान यांचे. १९१७ साली जर्मनीतील एका रुग्णालयात ते तरुण मदतनीस होते. पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार तेथे आला. हा काही आठवड्यांत जाणार, त्याच्याविषयी फार लिहीत बसू नकोस, असे त्यांना सांगण्यात आले आणि झालेही तसेच. ही गोष्ट ते विसरले नाहीत. पुढे ते नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ झाले. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राजवटीत त्यांच्यावर निर्बंध आले. १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यूंवर हल्ले झाले त्या रात्री, जीव वाचवायला आलेल्या माणसांना त्यांनी रुग्ण म्हणून दाखल करून घेतले आणि त्यांतल्या बहुतेकांना वाचवले. १९३९ मध्ये ते बायकामुलांसह इंग्लंडला निर्वासित म्हणून आले.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात कण्याला इजा झालेल्यांचा विभाग त्यांच्या हाती आला. तेव्हा असे रुग्ण अंथरुणाला खिळत, त्यांना जखमा पडत आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने ते दगावत. गुटमान यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला. मग त्याला बसवले, हाताला काम दिले आणि शेवटी खेळायला लावले. धनुष्य ओढताना दंड, खांदे आणि धडाचा तोल, तिन्हींना मेहनत पडते. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्‌घाटन होत होते. त्याच दिवशी या रुग्णालयाच्या मैदानावर १६ जखमी माजी सैनिक, त्यांत दोन स्त्रिया, चाकाच्या खुर्चीत बसून नेमबाण चालवत होते. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले आणि पॅरालिंपिकची परंपरा सुरू झाली.

ही परंपरा महाराष्ट्राशी जोडली ती मुरलीकांत पेटकर यांनी. सांगली जिल्ह्यातील पेठचे पेटकर सैन्यात होते, मुष्टियोद्धा म्हणून नावाजले होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक कण्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना पोहणे हा त्यांच्या उपचाराचाच भाग झाला. पाण्यात शरीराचा भार हलका होतो. पायांत बळ नसले तरी हात माणसाला पुढे नेतात. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्तशैलीत त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णासाठी देशाला २००८ पर्यंत थांबावे लागले. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली! ज्या माणसाने अंथरुण सोडायला सात वर्षे लावली नाहीत, त्याची दखल घ्यायला आपल्याला शेहेचाळीस वर्षे लागली.

आपल्यातलेच दुसरे उदाहरण श्रीरामपूरच्या झहीर खान यांचे. वेगवान गोलंदाजाच्या शरीरावर प्रत्येक चेंडूला मोठा ताण येतो. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मांडीमागचा स्नायू दुखावला. नंतर संघातील जागाही गेली. २००६ साली ते वूस्टरशायरकडून खेळायला गेले, धाव आखूड केली, षटकांमागून षटके टाकत शरीर पुन्हा घडवले आणि त्या हंगामात ७८ बळी घेतले. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेऊन ते संयुक्तपणे अव्वल ठरले. त्याच वर्षी लॉर्ड्सवर पुन्हा स्नायूने दगा दिला, तरी वर्षअखेरीस ते मेलबर्नला कसोटी खेळले. पुढे त्यांनी खेळाडूंच्या तंदुरुस्तीसाठी आणि दुखापतीनंतरच्या उभारणीसाठी स्वतःच केंद्र सुरू केले. ज्याचे जळते त्यालाच कळते, ते असे.

या विद्येचे शिक्षण मुंबईत पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. २०२१ साली या व्यवसायांसाठी केंद्राचा कायदाही झाला. ज्ञानही पुढे सरकले. १९७८ मध्ये डॉ. गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हे चार उपाय सांगितले आणि ते जगभर पाठ झाले. पुढे त्यांनीच विश्रांती आणि बर्फाविषयीचे आपले मत बदलले. आजचा सल्ला असा की, आधी मोडतोड नाही ना याची तपासणी करावी, पहिले एक-दोन दिवस जपावे आणि मग दुखण्याचा अंदाज घेत लवकर हालचाल सुरू करावी.

हे सारे खेळाडूंपुरतेच आहे काय? मालेगाव-भिवंडीत यंत्रमागापुढे पाळीभर उभा राहणारा कामगार, हमाल, डोक्यावर हंडे वाहणारी बाई यांचे शरीरही मैदानातल्या शरीराइतकेच राबते. त्यांना दुखापत झाली की मालिश मिळते, गोळी मिळते, विश्रांती मात्र परवडत नाही आणि व्यायाम कोणी शिकवत नाही. आपल्या मुलींनी तर खेळावे की नाही यावरच अजून घराघरांत खल चालतो. खेळताना गुडघा दुखावला तर तेवढ्यावरच तिचा खेळ संपवला जातो.

मालिश दुसरा माणूस करतो. रियाजत स्वतःलाच करावी लागते. गुटमान यांनी आपल्या रुग्णांना, डिलॉर्म यांनी आपल्या सैनिकांना दिली ती हीच गोष्ट, स्वतःच्या उभारणीतला स्वतःचा वाटा. इब्न सीना यांचे नाव आपण समारंभांत घेतो. त्यांच्या ग्रंथातली मालिश आपण ठेवून घेतलीच आहे. आता दुसरी गोष्टही घरी आणू या.