आडनावातली नदी

गोराई दोन आहेत आणि मध्ये खाडी आहे. बोरिवली पश्चिमेची गोराई म्हणजे आमची म्हाडा कॉलनी, 1985 नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून उभी राहिलेली. खाडीपलीकडचं गोराई म्हणजे कोळ्यांचं आणि ईस्ट इंडियनांचं जुनं गाव. मधल्या पाण्याचं नाव? गोराई खाडी! लाँचने गेलात तर पटकन पलीकडे. रस्त्याने जायचं तर भाईंदर, उत्तन करत भलामोठा वळसा. रिक्षावाल्याला नुसतं 'गोराई' म्हटलं तर तो कॉलनीतच आणून सोडतो. नाव गावाचं, वापर आमचा.

इंग्रजी स्पेलिंगने शोधलंत तर आणखी मजा. बांगलादेशात कुष्टियाजवळ गंगेला फुटलेली एक नदी आहे, तिचंही स्पेलिंग तंतोतंत हेच. पश्चिम बंगालात याच स्पेलिंगचं आडनाव असलेली माणसंही भेटतात. आमच्या धंद्यात याला नेमस्पेसचा घोळ म्हणतात.

हा घोळ फ्रेंचांनी तर सरकारी हुकमाने घातला. राज्यक्रांतीनंतर, 1790 साली, जुने प्रांत मोडून 83 जिल्हे केले आणि बहुतेकांना नद्यांची नावं दिली. मार्न ही नदी, मार्न हा जिल्हाही. लोकांनी जुना प्रांताभिमान विसरावा हा हेतू. पण आडनावांचं काय करणार? लॉरेन प्रांत नकाशावरून गेला तरी 'लॉरें' आडनावाची माणसं राहिलीच.

आपल्याकडे हुकूम लागत नाही, आपोआप होतं. दहिसर, पोईसर, ओशिवरा ही उपनगरातली ठिकाणं आणि नद्याही (हो, नद्या. नाले नव्हेत.) वर्धा ही नदी, शहर, जिल्हा, तिन्ही. संगमेश्वरची शास्त्री नदी तर थेट आडनावच वाटते! पण माणसाची पाळी आली की मराठी सहसा शेपूट लावते. मंगेशी गाव, मंगेशकर माणूस. त्या 'कर'मुळे गाव कुठलं आणि माणूस कुठला हे कळतं. डेटाबेस डिझाइन करणाऱ्याने दाद द्यावी अशी सोय आहे ही.

या हिशेबाने गोराईत 'गोराईकर' भरपूर असायला हवेत. पण गावातली बरीच आडनावं पोर्तुगीज. 1534 ते 1739 वसई प्रांत पोर्तुगीजांकडे होता. जे ख्रिस्ती झाले त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं आडनाव मिळे. आता या आडनावांची फोड करा. परेरा म्हणजे पेअरचं झाड. आल्मेडा हे स्पेनच्या सीमेजवळचं तटबंदीचं गाव. आणि डिलिमा? 'द लिमा', म्हणजे लिमेचा. लिमा ही उत्तर पोर्तुगालमधली नदी. आपण 'कर' मागे लावतो, ते 'द' पुढे लावतात, एवढाच फरक. डिलिमा म्हणजे सरळसरळ लिमेकर!

या लिमेची एक दंतकथा आहे. रोमन सैन्य इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तिच्या काठावर आलं. ओलांडलं की सगळं विसरायला होतं अशी ती विस्मरणाची नदी, असं शिपायांना वाटलं. पाय टाकायला कुणी तयार होईना. शेवटी सेनापती एकटा पलीकडे गेला आणि तिथून एकेका शिपायाला नावाने हाका मारू लागला. आपलं नाव त्याच्या लक्षात आहे म्हटल्यावर शिपाई निघाले.

आता गंमत बघा (मला तरी ती बोचते). ऑफिसात कुणी डिलिमा भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: "गोव्याचा का?" दुसरा: "मराठी येतं?" त्या घरांतली बोली मराठीचीच आहे आणि त्यांचे पूर्वज पोर्तुगीज येण्याआधीपासून या काठावर होते. अन् ज्यांचं घर तीस-चाळीस वर्षांचं, ते आम्ही पत्त्यात ऐटीत लिहितो, गोराई. आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही, तुम्ही मूळचे कुठले म्हणून.