जन्मपत्रिका आणि सरकारी दप्तर

हैदराबादेतील गौलीगुडा म्हटले की राममंदिर आणि तेथून निघणारी हनुमान जयंतीची मिरवणूक डोळ्यांपुढे उभी राहते. अशा देवळांच्या आश्रयाने नांदणाऱ्या आपल्या जुन्या घरांत मूल जन्मले की वेळ टिपून ठेवीत, जोशीबुवा पत्रिका मांडीत आणि ती पेटीत जाई. नाशिक-त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत कुळाची नावे चढत. ही माहिती थोडी नव्हे. परंतु ती कोणी वाचावी, हे घरचे वडीलधारे ठरवीत.

सरकार या उंबरठ्याशी येऊन ठेपले त्यास शतकाहून अधिक काळ लोटला. नकळत्या वयात लग्न झालेल्या रखमाबाईंवर १८८४ साली मुंबईत नवऱ्याने दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदावयास जा, नाही तर तुरुंगात जा, असा निकाल दिला. पुढे कलकत्त्याच्या फुलमणीचा अंत झाला, आणि १८९१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्यात आली. (निजामाचे राज्य त्या कायद्याबाहेर होते.) परकी सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा टिळकांचा आक्षेप, शास्त्राधार काढून डॉ. भांडारकरांनी कायद्याची बाजू घेतली. आम्हांस येथे भांडारकरांचाच पक्ष पटतो. फुलमणीला घराच्या भिंतींनी वाचविले नाही. शिवाय त्या कायद्यास मुलीचे एक वयच काय ते हवे होते, आणि तेही तिच्याच रक्षणासाठी.

आजची विचारपूस निराळी आहे. १९ ऑगस्ट २०१४ रोजी तेलंगणात सार्वत्रिक सुटी देऊन एका दिवसात घरोघरची पाहणी झाली. गावोगावची माणसे नोंदीसाठी आपापल्या घरी परतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा कुटुंब-पाहणी झाली. जात, उत्पन्न, शिक्षण अशा अनेक गोष्टींची विचारणा झाली, आणि त्या कामी प्राथमिक शिक्षकही जुंपले गेले. ज्या गुरुजींनी मुलाला पाढे शिकवावयाचे, तेच दारात कागद घेऊन उभे! विषमता मोजल्यावाचून निवारता येत नाही, हे मान्य. पण मोजणी झाल्यावर त्या कागदातील मुलाचे नाव कोणाच्या हाती जाईल, हे आईबापांनी विचारावयाचे कोणास?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढच्याच वर्षी आधारवाचून मुलाचा शाळाप्रवेश अडवू नये, असेही सांगितले. २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आली; मात्र अधिसूचनेद्वारे सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला. पेढीवाल्यास कुलूप आणि कोतवालास किल्ली, असा हा प्रकार झाला.

२०१९ च्या दुरुस्तीने एक वाट तेवढी मोकळी केली आहे: अठरावे वर्ष पुरे झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मुलाला आपला आधार क्रमांक रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. ही मुदत किती घरांत ठाऊक आहे?