कागद जागेवर, जाणकार दारात

विजापूरच्या आसार महालात आदिलशाही ग्रंथालयाचा उरलासुरला ठेवा एकोणिसाव्या शतकापर्यंत शिल्लक होता. १६८६ साली औरंगजेबाने शहर घेतले तेव्हा बरीच पुस्तके गाड्या भरून गेली, असे सांगतात. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मागे राहिलेली पुस्तके पाहिली, त्यांची यादी केली आणि १८५३ साली ती लंडनला रवाना झाली. १८७७ साली ऑटो लोथ यांनी इंडिया ऑफिसातील अरबी हस्तलिखितांची सूची छापली, तीत ही विजापुरी पुस्तके आहेत. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथे ती जपली गेली हे मान्य. पण विजापूरच्या विद्यार्थ्याला ती मूळ रूपात पाहायची तर लंडन गाठावे लागते.

म्हणून एखाद्या दर्ग्याचे विश्वस्त किंवा काझी घराण्यातले चाचा पेटी उघडायला तयार होत नाहीत, तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. पेटीत इनामाची सनद असते, वक्फ जमिनीचा दाखला असतो. गेलेला कागद परत येत नाही, हे त्यांना ठाऊक असते. मात्र बंद पेटीतही वाळवी शिरतेच. जुन्या अरबी-फारसी पोथ्यांच्या पहिल्या पानावर ‘या कबीकज’ असे लिहीत. कबीकज हे नाव घेतले की कीड पुस्तकाला शिवत नाही, असा समज होता. काही पोथ्यांत किडीने ते नावही सोडलेले नाही!

यावर उपाय एकच: कागद न्यायचे नाहीत, जाणकाराला बोलवायचे. ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’च्या खंडांत फारसी कागद मराठी भाषांतरासह छापले. आदिलशाही फर्मानांत वर फारसी आणि खाली मोडी मराठी, असे दुभाषी कागदही आहेत. आपल्या मशिदी-दर्ग्यांतले असे कागद वाचायला दोन्ही लिप्या जाणणारा माणूस लागतो. तो गावात नसेल, पण दोन दिवसांसाठी येऊ शकतो.

आल्यावर त्याने काय करावे? आधी काहीच हलवू नये. कोणता कागद कोणत्या रुमालात, कोणानंतर कोणता, हा क्रम जसा आहे तसा लिहून घ्यावा. आपल्याकडे उत्साही मंडळी सगळे बाहेर काढून आकारानुसार लावतात आणि कोणाचा संबंध कोणाशी, हे कायमचे पुसले जाते. फोटो दोन्ही बाजूंचे घ्यावेत. सनदेच्या पाठीवर दफ्तरातल्या नोंदी आणि शिक्के असतात, खरेखोटे ठरवताना त्यांचाच उपयोग होतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. प्लॅस्टिकमध्ये बंद करून लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा सुटत नाही. काजळीची शाई पाण्याने पसरते, म्हणून ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह टाळावा. पेटी भिंतीपासून आणि जमिनीपासून थोडी दूर, धुतलेल्या सुती कापडात कागद, आणि पावसाळा सरला की एकदा तपासणी. एवढ्याला फार खर्च नाही.

२००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या पाहणीतही माणसे दारोदार जाऊन हस्तलिखिते आहेत तिथेच नोंदवत. विश्वस्तांनी एक अट आधीच लेखी घालावी: मूळ कागद आवाराबाहेर जाणार नाही, आणि फोटोंची एक पूर्ण प्रत संस्थेकडे राहील. यादीखाली तारीख आणि दोन विश्वस्तांच्या सह्या घ्याव्यात. पुढच्या वर्षी पेटी उघडताना तीच यादी हातात धरून कागद मोजायचे.