कलकत्त्याची आखूड लहर

आजच्या काही भ्रमणध्वनींच्या कडेशी बोटाच्या पेराएवढी एक पट्टी बसविलेली असते. तीवर चार सूक्ष्म अँटेना ओळीने मांडलेल्या असतात. ही कारागिरी नवी आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेल्या दोन कल्पना शतकाहून जुन्या आहेत. एक कलकत्त्यात जन्मली, दुसरी स्ट्रासबर्गला.

हर्ट्झ यांनी विद्युच्चुंबकीय लहरींचे अस्तित्व सिद्ध केल्यावर प्रकाशाशी असलेले त्यांचे साम्य पडताळणे ओघानेच आले. परंतु लहर लांब असली, की उपकरणेही अवाढव्य होतात. प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र बसू यांनी हा पेच सरळ मार्गाने सोडविला. त्यांनी लहरच आखूड केली, ती सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत! सारे साहित्य मेजावर मावू लागले. लहरी गोळा करण्यास त्यांनी धातूचे नरसाळे योजले. कर्ण्याच्या आकाराच्या आजच्या अँटेनांचे ते पूर्वरूप होय. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले.

तथापि जगाला त्या वेळी हवा होता लांबचा पल्ला. समुद्रावरील जहाजांना संदेश पोहोचवावयाचे होते. १९०१ साली मार्कोनी यांनी अटलांटिकपार संकेत धाडला, तो लांब लहरींवर. साहजिकच बसूंची आखूड लहर मागे पडली.

१९०५ साली स्ट्रासबर्गला कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी त्रिकोणाच्या तीन कोनांवर तीन अँटेना उभ्या केल्या. एकीची लहर किंचित उशिरा सोडली, की एका दिशेस लहरी परस्परांना बळ देत, दुसरीकडे परस्परांना मारक ठरत. खांब जागचा न हलविता संदेशाची दिशा वळविता आली.

या दोन्ही कल्पनांची गाठ भ्रमणध्वनीत पडली. सेकंदास २८ अब्ज कंपने असलेली लहर जेमतेम ११ मिलिमीटर लांब असते. अँटेनांमध्ये अर्ध्या लहरीचे, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटरांचे अंतर पुरते. म्हणून चार अँटेना दोन सेंटिमीटरांत मावतात. पण इतकी चिमुकली अँटेना एकटी दुबळीच. तिची लहर भिंतीने अडते, बोटांनीही अडते. चौघींनी वेळ साधून लहर सोडली, तर तेवढ्याच शक्तीत इष्ट दिशेस सुमारे चौपट तीव्रता मिळते. मात्र झोत अरुंद होतो. तो मनोऱ्याकडे वळता ठेवण्यासाठी प्रत्येकीची वेळ क्षणोक्षणी बदलावी लागते. शिवाय हाताखाली एक पट्टी झाकली जाईल, म्हणून दुसरी वेगळ्या कडेस बसवितात. असे भ्रमणध्वनी २०१९ साली बाजारात आले. भारतात २०२२ च्या लिलावात २६ अब्ज कंपनांचा पट्टा विकला गेला.

लहर आखूड म्हणून अँटेना तळहातात मावल्या. आणि अँटेनांनी एकमेकींची वेळ सांभाळली, म्हणून ती आखूड लहर दूरवर पोहोचू शकली. कलकत्त्याच्या मेजावरील प्रयोगाला स्ट्रासबर्गच्या तीन खांबांची जोड मिळावयास शतकाहून अधिक काळ जावा लागला.