घरापुढील बाग आणि कायद्याची वेस

इंग्रज गृहस्थाचे घर म्हणजे त्याचा किल्ला, अशी त्याच्या भाषेत म्हणच आहे. त्या किल्ल्यापुढील चार वाफ्यांची बाग ही त्याची परम आवडीची वस्तू. तथापि त्या बागेचे कुंपण किती उंच असावे, हे ठरविणे गेली पाऊणशे वर्षे सर्वस्वी त्याच्या हाती राहिलेले नाही.

इंग्लंडात नगररचनेचा पहिला कायदा १९०९ साली झाला. त्याचा रोख मुख्यतः नव्या वसाहतींकडे होता. पुढे दोन महायुद्धांच्या दरम्यान शहरांच्या कडेने जोडघरांच्या रांगा पसरल्या व शेते गिळीत चालल्या. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाने तर शहरांच्या पुनर्रचनेचाच प्रश्न उभा केला. ॲटली यांच्या मजूर सरकारातील मंत्री लुईस सिल्किन यांनी मांडलेला नगर व ग्रामनियोजनाचा कायदा १९४७ साली संमत झाला आणि १ जुलै १९४८ पासून पूर्णपणे अमलात आला. जमीन मालकाचीच राहिली. मात्र तीवर बांधकाम करण्याचा हक्क समाजाच्या अनुज्ञेवर अवलंबून राहिला. ज्यांचे नुकसान होणार होते त्यांच्यासाठी ३० कोटी पौंडांची तरतूद करण्यात आली.

एवढ्या व्यापक कायद्याने फुलझाडे लावण्यास मात्र हरकत घेतली नाही. किरकोळ कामांना एका सर्वसाधारण आदेशाने आगाऊच मोकळीक दिली. वाहनांच्या रस्त्यालगतचे कुंपण ४ फुटांपर्यंत व अन्यत्र ७ फुटांपर्यंत चालत असे. मीटरची मापे आल्यावर या मर्यादा १ व २ मीटर झाल्या. त्याहून उंच भिंत बांधावयाची तर नकाशासह अर्ज करावा, आणि तो नाकारला गेल्यास वर दाद मागावी, अशी रीत पडली. शेजाऱ्याचा उजेड अडू नये व रस्त्यावरील नजर अडू नये, एवढेच या मापांचे प्रयोजन.

मग दारोदार मोटारी आल्या. त्या उभ्या करण्यासाठी कित्येकांनी गुलाबांचे ताटवे काढून तेथे काँक्रीट ओतले. प्रत्येकाचा तुकडा लहान. पण जमिनीत मुरणारे पाणी त्यामुळे गटारांकडे धावू लागले. २००७ च्या उन्हाळ्यात अतिवृष्टी झाली. १३ माणसे मृत्युमुखी पडली व सुमारे ५५,००० इमारतींत पाणी शिरले. हल शहरात तर मुख्यतः गटारे तुंबल्यानेच हाहाकार उडाला. फरसबंद अंगणे हे या पुरांचे एकमेव कारण नव्हते. परंतु त्या भाराला त्यांचाही हातभार होता.

१ ऑक्टोबर २००८ पासून इंग्लंडात नवा नियम आला. घरापुढील बागेत ५ चौरस मीटरांहून अधिक जागा पाणी न मुरणाऱ्या फरशीने झाकावयाची आणि पाणी रस्त्यावर सोडावयाचे, तर परवानगी हवी. खडी अंथरली किंवा पाणी आपल्याच वाफ्यांत वळविले, तर अर्जाचे कारण नाही. आधीच झाकलेल्या अंगणांना मात्र हा नियम लागू झाला नाही.

कुंपणाच्या मापापासून निघालेला कायदा साठ वर्षांनी पावसाच्या थेंबापर्यंत पोहोचला. बाग मालकाचीच आहे. तिच्यातून वाहणारे पाणी मात्र शेजाऱ्याच्या उंबरठ्याशी जाते, हे त्या समाजाला पुराने शिकविले.