हरळी आणि हिरवळ

हल्ली नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीआधी दारात एक टेम्पो येऊन उभा राहतो. त्यात गवत असतं. फूटभर लांबी-रुंदीचे तुकडे, खाली बोटभर माती धरून ठेवलेले, पाट रचावेत तसे एकावर एक रचलेले. सकाळी जिथे सिमेंटची पोती होती तिथे संध्याकाळी हिरवळ दिसते. बेळगावच्या नव्या वसाहतींत याचं आता कुणाला नवल वाटत नाही. लोक त्याला ‘इन्स्टंट लॉन’ म्हणतात. मला त्या ‘इन्स्टंट’चं हसू येतं, कारण ही युक्ती साडेसातशे वर्षांची जुनी आहे.

इ.स. १२६० च्या सुमारास अल्बर्टस मॅग्नस नावाच्या जर्मन धर्मगुरूने वनस्पतींवर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यात डोळ्यांना आणि नाकाला सुख देणारी बाग कशी करावी याचा एक भाग आहे. जमीन खणून मुळं काढा, सपाट करा, मग तिच्यावर उकळतं पाणी ओता म्हणजे राहिलेलं बी आणि मुळं मरतील. मग दाट गवताचे मातीसकट कापलेले तुकडे अंथरा, लाकडी मोगऱ्यांनी बडवा आणि पायांनी इतकं तुडवा की गवत जवळजवळ दिसेनासं व्हावं. नंतर ते हळूहळू केसासारखं बारीक वर येतं. पुढे इटलीतल्या पिएत्रो दे क्रेशेंझीने हीच कृती आपल्या शेतीच्या ग्रंथात उचलली आणि ती युरोपभर गेली.

आमच्या गल्लीतल्या माळ्याने अल्बर्टसचं नाव ऐकलेलं असणं शक्यच नाही. पण तो करतो ते तेच. आधी वीतभर जमीन खणून दगडगोटे वेचतो, लव्हाळ्याच्या गाठी काढतो. (त्या राहिल्या तर महिन्याभरात लॉन लव्हाळ्याचंच होतं.) शेणखत मिसळून, घराकडे पाणी वळणार नाही असा उतार ठेवून जमीन ओली करतो. मग विटांचं बांधकाम करताना सांधा सांध्यावर येऊ देत नाहीत, तसेच हे तुकडे सांधे चुकवून, एकमेकांना घट्ट भिडवून लावतो. फट राहिली की कडा वाळल्याच म्हणून समजा. वरून रूळ फिरवतो आणि लगेच पाणी देतो. टेम्पोतला ढीग रात्रभर तसाच ठेवायचा नाही, आत ऊब धरून गवत पिवळं पडतं. पहिले दोन आठवडे खालची माती सुकू द्यायची नाही. मग एखाद्या तुकड्याचा कोपरा हलकेच उचलून बघायचा. उचलला गेला नाही तर मुळं धरली. त्यानंतर पाणी रोज थोडं थोडं देण्यापेक्षा अंतराने पण खोलवर द्यायचं, म्हणजे मुळं खाली उतरतात. पहिली कापणी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त करायची नाही. आणि तोवर त्यावर पाय ठेवायचा नाही.

पायावरून मला आपल्या आदिपुराणातली भरत चक्रवर्तीची कथा आठवते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, आचार्य जिनसेनांनी ती लिहिली. भरत लोकांना राजवाड्यात बोलावतो आणि अंगणात हिरवे अंकुर, फुलं, फळं पसरून ठेवतो. कित्येकजण ते तुडवत सरळ आत येतात. काही व्रती मात्र बाहेरच थांबतात, हिरव्यात जीव आहेत, आम्ही त्यांच्यावरून येणार नाही म्हणतात. राजा त्यांना दुसऱ्या वाटेने आत आणतो आणि त्यांचाच सन्मान करतो. अंगणातलं गवत इथे माणसाची पारख करण्यासाठी आहे. युरोपातल्या सरदारांच्या अंगणातलं गवत मालकाची ऐपत दाखवण्यासाठी होतं. आपल्या शहरांतल्या प्रत्येक बागेत ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी असते, पण ती काही नगरपालिकेने आदिपुराण वाचून लावलेली नाही!

ऐपत म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. ज्या जमिनीवर धान्य नाही, गुरं नाहीत, भाजी नाही, अशी जमीन नुसती बघायला राखणं. कापायचं यंत्र नव्हतं तेव्हा हे काम कोयत्यावर चाले. पहाटे दव असताना पुरुष लांब दांड्याचे कोयते चालवत आणि तण खुरपायला बायका लावत. १८३० साली इंग्लंडात स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव छाटायचं यंत्र त्या भागातल्या गिरण्यांत होतं, ते बघून त्याला ही कल्पना सुचली. गालिच्यासारखं लॉन असं आपण सहज म्हणतो, पण त्यामागे खरोखरच कापडाची गिरणी आहे.

तोवर गवतही एकजिनसी नव्हतं. आल्ब्रेख्त ड्यूररचं १५०३ सालचं जलरंगातलं चित्र आहे, मातीसकट उचललेला गवताचा एक तुकडा. मी ते पुस्तकातच पाहिलंय. त्यात गवताइतकंच तण आहे. आजचा माळी त्यातलं निम्मं उपटून फेकेल.

इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांचं थंड हवेतलं गवत इथल्या वैशाखात करपलं. मग त्यांच्या कँटोन्मेंटांत, क्लबांत, बंगल्यांत कोणतं गवत लागलं? आपली हरळी! हिंदीत दूब, पूजेत दूर्वा, अमेरिकेत बर्म्युडा. बर्म्युडा बेटावरची ती मूळची नव्हेच.

इथे मला माझी आज्जी दिसते. आमच्याकडच्या जैनांत शेतकरी घरं पुष्कळ. आज्जीची उभी हयात भांगलणीत गेली आणि तिचा मुख्य वैरी हरळी. उपटून बांधावर टाकली तरी पहिल्या वळवाला पुन्हा हिरवी, म्हणून ती चिडायची. खुरप्याने तिच्या तळहाताला पडलेले घट्टे मी बोटांनी चाचपलेत. तिला कुणी सांगितलं असतं की पुढे ही हरळी चौरस फुटावर विकत मिळेल, तर तिने सांगणाऱ्याची शुद्ध तपासली असती.

विकत मिळते त्यालाही कारण आहे. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनच्या संशोधन केंद्रातून १९६० साली ‘टिफवे’ नावाची जात बाहेर आली. हरळी आणि दक्षिण आफ्रिकेतली तिची बारीक पानांची बहीण यांचा हा संकर. दिसायला मखमल, पण वांझ, बी धरतच नाही. त्यामुळे ती कांड्यांनी लावायची नाहीतर मातीसकट तुकडे आणायचे. आणि प्रत्येक तुकड्याबरोबर कुणाच्या तरी शेताची वरची थरभर माती आपल्या अंगणात येते. त्या शेताला ती कोण परत देतं? मे महिन्यात आमच्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी येतं तेव्हाही लॉनवर मात्र नळी चालू असते. हे पाहून माझ्या कपाळावर आठी चढते, ती काही केल्या उतरत नाही.

दिल्लीतलं राष्ट्रपती भवनाचं लॉनही हरळीचंच. ल्युटेन्सच्या बागेसाठी ती कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअरहून आणली होती. वर्षातून एकदा ती पूर्ण काढतात, नवी माती पसरतात आणि तीन आठवड्यांत ती पुन्हा वर येते. आज्जीच्या रागाला सरकारी पुरावाच म्हणायचा! ताजमहालाच्या बागेतही शहाजहानच्या काळी झाडं, फळं, फुलं होती. आज दिसते ती मोकळी हिरवळ विसाव्या शतकाच्या आरंभी कर्झनच्या दुरुस्तीतून आली, आणि आपण तिला मोगल समजतो.

कधी कधी मात्र गवतालाही कामाला लावलं गेलं. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या. गवत कापायची माणसं वाचली, आणि लोकरीच्या लिलावातून रेडक्रॉसला ५२ हजार डॉलरच्या वर मिळाले. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई होती तेव्हा गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी, म्हणजे आपल्या राजाजींनी, त्या दिल्लीच्या आवारातला एक भाग नांगरायला काढला. नांगर स्वतः धरला आणि तिथे गहू पेरला. आज त्या जागी राष्ट्रपती भवनाची भाजीची बाग आहे.