फिरकीचा काठ

आपल्या समाजाचा इतिहास लिहू जाता तो बहुधा देवळाच्या दारापासून सुरू होतो. अंबाबाईच्या देवळातील चौघडा, जोतिबाच्या चैत्री यात्रेत सासनकाठ्यांपुढे घुमणारी हलगी नि सनई, दसऱ्याचे सोने लुटण्यास निघालेल्या छत्रपतींच्या स्वारीपुढची तुतारी, यांविषयी आपण अभिमानाने बोलतो आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही याहून फार लहान वस्तूकडे ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधू इच्छितो. ती वस्तू म्हणजे पितळी वाद्याच्या माऊथपीसचा, वाजविणाऱ्याच्या ओठांस टेकणारा काठ. तो बोटभरही रुंद नसतो. तथापि ज्यांचे पोट ओठांवर चालते त्यांनी त्यास क्षुल्लक म्हणू नये.

दक्षिण महाराष्ट्रात वाजंत्र्याचा व्यवसाय कोणा एकाच जातीचा नव्हता. गुरव, कोरवी, होलार, मातंग, घडशी अशा अनेक समाजांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. त्यांपैकीच आपण एक. या सर्वांच्या सनईत एक गोष्ट समान होती. सनईचा लाकडी नळा बापाकडून मुलाकडे जाई, प्रसंगी उसनाही दिला जाई. परंतु तोंडात धरावयाची पत्ती ज्याची त्याची असे. ती तोडून, तासून, ओली करून आपल्या ओठांस जुळवून घेणे हा शिक्षणाचाच भाग होता. सनईच्या गळ्यात दोऱ्याने लोंबणाऱ्या जादा पत्त्या पाहूनच जाणता मनुष्य वाजविणाऱ्याची पारख करी. दुसऱ्याची पत्ती तोंडात घालणे कोणासही रुचत नसे.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पलटणींबरोबर बँड आला. १८१५ च्या सुमारास जर्मनीत पितळी वाद्यांना झडपा बसविण्याची युक्ती निघाली होती. त्यामुळे केवळ ललकारी देणारी तुतारी संपूर्ण सुरावट वाजवू लागली. पलटणींचे अनुकरण संस्थानांनी केले आणि संस्थानांचे लग्नमांडवांनी. मीरत येथे १८८५ साली नादिर अली यांची कंपनी निघाली आणि त्या शहरातील जली कोठीचा भाग पुढे बँडच्या वाद्यांचे माहेरघर बनला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर दरबारी मान उरला, पण पोटाचा आधार लग्नसराईच झाली.

या स्थित्यंतरात एक बदल कोणाच्या फारसा ध्यानी आला नाही. सनई वाजविणाऱ्याची होती. कॉर्नेट मालकाचे झाले. हंगामापुरते वाद्य हाती यावे, हंगाम सरताच पेटीत जावे आणि पुढील वर्षी दुसऱ्याच्या तोंडी लागावे, असा क्रम पडला. आम्ही स्वतः पोरवयात असेच एक कॉर्नेट वाजविले आहे. आधीच्या माणसाच्या तोंडचे ते वाद्य, सदऱ्याच्या बाहीने काठ पुसावयाचा आणि वरातीत उभे राहावयाचे! काठावरील चांदीचा मुलामा केव्हाच उडाला होता आणि उघड्या पितळेवर हिरवट कळंक धरला होता. महिनाभरात आमचा वरचा ओठ सुजून चिरला. आजोबांच्या ओठावर जन्मभर एक गोल वण होता. तो कशाचा, हे आम्हांस त्या दिवशी समजले.

पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरातील प्रत्येक बाई जाणते. म्हणून तर भांड्यास कल्हई करावयाची. मग तासन्‌तास ओठांस लावून धरलेल्या पितळेचे काय? लेथवर कातकाम सुलभ व्हावे म्हणून पितळेत शेकडा दोनतीन भाग शिसेही मिसळलेले असते. काठावर चांदीचा वा सोन्याचा मुलामा देतात तो केवळ शोभेसाठी नव्हे. भांड्याची कल्हई वेळेवर करणारे आपण, ओठांच्या कल्हईचा विचार मात्र करीत नाही.

हे दुःख आपलेच नव्हे. अमेरिकेत इंडियाना प्रांती एल्खार्ट गावात चार्ल्स जेरार्ड कॉन नावाचा एक कॉर्नेटवादक राहत असे. तो यादवी युद्धात लढलेला सैनिक होता. एका मारामारीत त्याचा वरचा ओठ फाटला आणि कडक काठ त्यास सोसवेना. त्याने काठाला रबर बसवून पाहिले, ते साधले आणि १८७५ साली त्याने त्याचे पेटंट मिळविले. पुढे याच गृहस्थाचा बँडच्या वाद्यांचा प्रचंड कारखाना झाला. एवढ्या मोठ्या धंद्याचे मूळ एका फाटक्या ओठात होते, ही गोष्ट आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावी.

काठ हा माऊथपीसचा वेगळा भाग मानता येतो, ही कल्पना पुढे विसाव्या शतकात पक्की झाली. काठास आतून आटे पाडावयाचे, वाटीस बाहेरून. आणि फिरवून बसवावयाचे. प्रवासात पाणी नेण्याचा आपला फिरकीचा तांब्या ज्यांनी पाहिला आहे, त्यांस याहून अधिक सांगणे नलगे. फ्रेंच हॉर्न वाजविणाऱ्यांत ही पद्धत विशेष रूढ झाली. ट्रंपेट, ट्रोंबोन यांसाठीही असे काठ मिळतात.

येथे कोणी विचारील की, माऊथपीस मुळातच वाद्यातून निघतो, मग काठ आणखी वेगळा कशास? त्याचे उत्तर असे. वाटीची खोली आणि गळ्याचे छिद्र यांवर नाद ठरतो. काठाची रुंदी, गोलाई आणि व्यास यांवर ओठ ठरतो. ट्रंपेटच्या काठाचा आतील व्यास सुमारे १६ ते १७ मिलिमीटर असतो, आणि त्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी सरावलेल्या ओठास तो तत्काळ जाणवतो. काठ सुटा असला की ओळखीचा काठ कायम ठेवून खाली निरनिराळ्या वाट्या लावता येतात. मुलामा उडाला तर तेवढाच भाग बदलता येतो. ज्याच्या ओठास धातू सोसत नाही त्यास प्लॅस्टिकचा काठ घेता येतो. अर्थात ट्रंपेटचा काठ युफोनियमला चालणार नाही, कारण तेथे व्यास २५ मिलिमीटरच्या वर जातो.

दोषही सांगितले पाहिजेत. सगळ्या कारखानदारांचे आटे एक नसतात. हॉर्नच्या काठांत अमेरिकी आणि मेट्रिक असे दोन प्रकार असून ते एकमेकांस बसत नाहीत. जोर करून बसविल्यास आटे मरतात. लाळ सुकून काठ जाम होतो, म्हणून तो वेळोवेळी काढून धुवावा आणि हाताने बेताचाच आवळावा. पकड लावू नये. सांधा सैल राहिला तर सुरात घरघर येते. किंमतही साध्या माऊथपीसहून अधिक पडते.

यास्तव आमची सूचना अशी आहे. बँडमध्ये जाणाऱ्या प्रत्येक मुलाजवळ निदान स्वतःचा साधा माऊथपीस असावा, आणि ज्यास ऐपत आहे त्याने फिरकीचा काठ घ्यावा. वाद्य मालकाचे असो. ओठांस लागणारा भाग वाजविणाऱ्याचाच असला पाहिजे. सनईच्या पत्तीने आपल्या पूर्वजांस जो मान दिला होता तो याने परत येईल. मंडळाने शिष्यवृत्तीच्या वह्यापुस्तकांबरोबर होतकरू मुलास एक माऊथपीस दिला, तर तो खर्च वायफळ ठरणार नाही.

आणि परदेशाकडेच तोंड करून का बसावे? उद्यमनगरात इंजिनाचे सुटे भाग कातणारे कुशल हात आहेत. हुपरीची चांदी घरोघरच्या पैंजणांत वाजते आहे. पितळ कातणारा आणि चांदी चढविणारा एकाच जिल्ह्यात नांदत असता, या दोघांस एकत्र आणून आपल्या मुलाच्या ओठापुरता एक काठ घडविणे अशक्य का असावे?

दुसऱ्याच्या मंगलकार्यात आपण पहिला सूर लावला आणि पंगतीस शेवटी बसलो. ते दिवस सरत आहेत. पुढील पिढीने सूर लावावा तो न चिरलेल्या ओठांनी, एवढेच मागणे आम्ही आई अंबाबाईच्या चरणी मागतो.